सूर्यकिरणचं हॉक टेबलावर: लाल-पांढरा रंग, टेप आणि चिन्हं

कसरती करणाऱ्या पथकाचं विमान रंगवायला घेतलं, की साध्या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर चालून जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे चालत नाहीत. करड्या, मॅट रंगाच्या विमानावर सांध्याची रेघ थोडी राहिली किंवा टेपखालून रंग जरा झिरपला, तर काजळीच्या छटेत ते झाकून जातं. भारतीय हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाचं हॉक जेट विमान लाल-पांढरं आणि चकचकीत असतं. त्यावर नखाएवढा ओरखडासुद्धा लांबून दिसतो.

हे रंग उगाच निवडलेले नसतात. विमान कोणत्या कुशीवर वळलंय, पोट दिसतंय की पाठ, हे मैदानावरच्या माणसाला क्षणात कळावं, आणि शेजारून उडणाऱ्या वैमानिकालाही पुढच्या विमानाच्या ठरावीक खुणांवर नजर ठेवता यावी, असं त्यामागचं काम आहे. म्हणून मॉडेलवर सगळ्यात जास्त मेहनत दोन रंगांमधल्या कडेवर घ्यायची, मग चकाकीवर. लाल रंगाची नेमकी छटा तिसऱ्या नंबरवर येते. नवशिके बहुतेक उलट करतात: छटेसाठी महिनाभर शोधाशोध आणि सांधे एका संध्याकाळीत उरकलेले.

पुढचं सगळं १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) हॉकसाठी आहे, हाताशी एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, आहे असं धरून. स्प्रे कॅननेही जमतं, फक्त थर जाड बसतो.

आधी विमान आणि साल पक्कं करा

भारतीय हवाई दलाचं सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये बीदरला उभं राहिलं, किरण मार्क-२ विमानांवर. ते ५२ स्क्वाड्रनचा भाग आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये किरणवरच्या कसरती थांबल्या आणि नंतर पथक हॉक एमके १३२ वर परत आलं. दोन्ही विमानं लाल-पांढरी असली तरी रेषांची मांडणी वेगळी आहे. नेटवर ‘सूर्यकिरण’ शोधलं की दोन्हींचे फोटो सरमिसळ होऊन येतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे किरणमध्ये दोन वैमानिक शेजारी-शेजारी बसतात, हॉकमध्ये एकामागे एक. शिवाय किरणचा सीरियल नंबर ‘यू’ अक्षराने सुरू होतो, हॉकचा ‘ए’ने.

साल का महत्त्वाचं, ते ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाकडे पाहून कळतं. तेही हॉक उडवतात, लाल अंगावर पांढरा पट्टा. २०१५ च्या हंगामात त्यांनी शेपटीवरची रंगरचनाच बदलली. एका फोटोतलं नाक आणि दुसऱ्या सालातली शेपूट जोडली, तर असं विमान कधी अस्तित्वातच नव्हतं असं होतं. म्हणून एकच सीरियल नंबर धरा आणि त्याच विमानाचे शक्यतो एकाच कार्यक्रमातले फोटो जमवा: डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून. वरची रचना खाली तशीच असेल असं गृहीत धरू नका. पोटाचा फोटो मिळेपर्यंत पोट रंगवायचं नाही.

सोलापूरकरांना बीदर तसं जवळ आहे, हैदराबाद रस्त्याने हुमनाबादपर्यंत जाऊन आत वळलं की झालं. पण हवाई तळाच्या आसपास कॅमेरा काढायचा नाही, ते बेकायदा आहे. फोटो काढायचे तर जाहीर प्रदर्शनात. बंगळूरुजवळ येलहंका तळावर दर दोन वर्षांनी एरो इंडिया भरतं आणि उद्यान एक्सप्रेस सोलापूरहून थेट बंगळूरुला जाते. उडणारं विमान टिपताना शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. मॉडेलसाठी मात्र जमिनीवर उभ्या विमानाचा बरोब्बर बाजूने काढलेला फोटो दहा उडत्या फोटोंपेक्षा उपयोगी असतो.

पहिल्याच मॉडेलला लाल रंगाची धास्ती वाटत असेल, तर हवाई दलाचं जुनं थंडरबोल्ट्स पथक निवडा. १९८२ मध्ये सुरू झालेलं हे पथक हंटर विमानं उडवायचं, रंग निळा-पांढरा. निळा रंग लालपेक्षा चांगला झाकतो आणि पांढऱ्यात कमी उतरतो.

काय आणायचं

किट घेताना खोक्यावरचं नाव नीट वाचा. हॉक टी-१ आणि हॉक १३२ यांची नाकं वेगळी आहेत: टी-१ चं आखूड आणि गोलसर, १३२ चं लांब आणि निमुळतं. एअरफिक्सचं १/७२ मधलं ‘हॉक १२८/१३२’ आपल्या कामाचं. त्याच कंपनीचं रेड ॲरोजचं किट स्वस्त मिळतं म्हणून घेतलं, तर ते नाक दुरुस्त करता करता जीव जातो.

रंगात तामिया एक्स-२ पांढरा आणि एक्स-७ लाल, प्रत्येकी एक १० मिलीची बाटली एका विमानाला पुरते. प्राइमर म्हणून मिस्टर सरफेसर १५००, पांढरा किंवा करडा. पातळ करायला मिस्टर लेव्हलिंग थिनर, चकाकीसाठी एक्स-२२ क्लिअर. टेप तीन प्रकारची: पिवळी कागदी मास्किंग टेप ६ आणि १८ मिलिमीटर रुंद, आणि वळणांसाठी १ ते २ मिलिमीटरची लवचीक व्हिनाइल टेप. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, बसवायला मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही द्रावणं. पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, ६००, १०००, २००० नंबरचे दोन-दोन कागद. ऑटो पेंटच्या दुकानातलं एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला. ते मॉडेलच्या रंगात मिसळलं तर प्लास्टिक खातं आणि पृष्ठभाग चरबरीत होतो.

स्प्रे कॅन विमानाने पाठवता येत नाहीत, म्हणून कुरिअरला उशीर लागतो. ते आधी मागवा आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरू नका.

फोटोवरून माप काढणं

हॉक १३२ ची लांबी साधारण १२.४ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये सुमारे १७२ मिलिमीटर. बाजूचा फोटो ए-४ कागदावर छापून घ्या. समजा छापील विमान नाकापासून शेपटीपर्यंत २४८ मिलिमीटर आलं आणि पांढरा पट्टा नाकापासून ६२ मिलिमीटरवर सुरू होतो. ६२ भागिले २४८ म्हणजे ०.२५. मॉडेलवर ही जागा १७२ गुणिले ०.२५, म्हणजे ४३ मिलिमीटरवर येते. अशा आठ-दहा जागा काढल्या की पट्ट्याचा अख्खा मार्ग हातात येतो. फोटो थोडा जरी तिरका असेल तरी हे गणित फसतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फोटोत आणि मॉडेलवर याच प्रमाणात जुळतंय का, ते आधी ताडून पाहा.

त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे पॅनेलच्या रेषा. पट्टा इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाच्या वरून जातो की मधून, कॉकपिटच्या काचेच्या चौकटीला कुठे भिडतो, पंखाच्या मुळाशी कुठे संपतो, हे फोटोत डोळ्यांनी पाहून किटच्या कागदावर उतरवा. किटमधल्या बाजूच्या चित्राच्या चार झेरॉक्स काढा आणि रंगीत पेन्सिलीने रेषा ओढा. मॉडेलवर पेन्सिल लावू नका, शिसं पांढऱ्या रंगातून वर येतं. खुणेसाठी टेपचे बारीक तुकडे चिकटवा.

जोडणी: चकाकीखाली काही लपत नाही

सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुऊन सुकवा. सांधे चिकटल्यावर एक पूर्ण दिवस थांबा, मगच फटीत लांबी (पुट्टी) भरा. लांबी घाईत घासली तर आठवड्याने आकसते आणि लाल रंगाखाली बारीक खड्डा दिसायला लागतो. ६०० ने सुरू करून १००० वर या, पाणी लावून. मग सांध्यावर प्राइमरचा पातळ हात मारा आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा. जी रेघ प्राइमरमध्ये अंधूक दिसते, ती चकचकीत लाल रंगात ठळक होते.

विमान चाकांवर उभं करणार असाल तर नाकात वजन भरायला विसरू नका, नाहीतर ते शेपटीवर बसतं. काच चिकटवायला सायनो (सुपरग्लू) वापरू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते, साधं फेव्हिकॉल चांगलं. हॉकच्या काचेवर आतून बारीक नागमोडी रेघ दिसते. ती आणीबाणीत काच फोडणारी स्फोटक दोरी आहे. किटमध्ये तिचं डिकॅल असेल तर जरूर लावा, हॉक ओळखू येतं ते बरंचसं तिच्यामुळे.

एक खास सोलापूरची अडचण. मॉडेल टेरी टॉवेलने पुसायचं नाही, त्याची लव ओल्या रंगात अडकते. घर यंत्रमागांच्या भागात असेल तर हवेतच सुताचे तंतू तरंगत असतात. रंगाच्या आधी अर्धा तास फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंखा बंद ठेवा, आणि रंग मारून झाला की लगेच मॉडेलवर पारदर्शक प्लास्टिकचा डबा उपडा घाला.

पांढरा आधी

हा क्रम बदलायचा नाही. पांढऱ्यावर लाल दोन-तीन हातांत झाकतं. लालवर पांढरा सहा हातांतही गुलाबी दिसतो, कारण काही लाल रंगद्रव्यं वरच्या थरातल्या थिनरमध्ये विरघळून वर येतात. हा गुलाबीपणा आज नाही दिसला तरी पंधरा दिवसांनी दिसतो.

पांढरा एक भाग, थिनर दीड ते दोन भाग. दाब १५ ते १८ पीएसआय, एअरब्रश मॉडेलपासून ६ ते ८ सेंटिमीटरवर. पहिला हात नुसता धुकं मारल्यासारखा, खालचं सगळं दिसलं पाहिजे. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. चौथा हात थोडा ओलसर मारला की रंग स्वतः सपाट होतो. कडांवर पांढरा पातळ राहतो, म्हणून पंखांच्या आणि शेपटीच्या कडा आधी मारून घ्या. जिथे पुढे लाल येणार आहे तिथेही पांढरा एकसारखा पाहिजे. लाल रंग थोडा पारदर्शक असतो, खाली कुठे करडं आणि कुठे पांढरं असेल तर वर डाग-डाग दिसतात.

आता किमान २४ तास थांबा. वास येणं बंद झालं नसेल तर अजून एक दिवस.

टेप लावणं

कडेसाठी व्हिनाइल टेप, आतल्या जागेसाठी कागदी. वळणावर व्हिनाइल टेप ओढून ताणू नका. ताणलेली टेप रात्रभरात मागे सरकते आणि सकाळी रेषा मिलिमीटरभर हललेली असते. बोटाने हळूहळू वळवत बसवा. टेप जिथे पॅनेलची खोल रेघ ओलांडते तिथे टूथपिकच्या बोथट टोकाने ती आत दाबा. झिरपण्याच्या दहापैकी नऊ जागा याच असतात, आणि उरलेली पंखाच्या मुळाशी.

एक बाजू झाली की मॉडेल आरशासमोर धरा आणि दुसऱ्या बाजूची टेप तिच्याशी ताडून लावा. वरून पाहिल्यावर नाकाजवळच्या दोन्ही रेषा एकाच पॅनेलवर भेटल्या पाहिजेत.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच काम बिघडतं. टेपच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात मारा. टेपखाली जी काही बारीक फट असेल ती पांढऱ्यानेच भरते, आणि पांढरं पांढऱ्याखाली गेलं तर कोणाला दिसत नाही. लालला आत शिरायला जागाच उरत नाही. हा हात १५ मिनिटं सुकू द्या.

लाल

एक्स-७ मध्ये पांढरा मिसळून फिका करायचा प्रयत्न करू नका, तो गुलाबीकडे झुकतो. छटा उजळायचीच असेल तर १० मिलीला पाच-सहा थेंब एक्स-६ नारिंगी पुरे. संध्याकाळच्या उन्हातल्या फोटोत लाल नारिंगी दिसतं, त्यावर विसंबू नका. दुपारच्या फोटोत पांढरा भाग पांढराच दिसतोय का ते पाहा, आणि तसा असेल तरच त्यातल्या लालवर भरवसा ठेवा.

टेपवर रंग मारताना ब्रश टेपकडून उघड्या भागाकडे न्या, उलटा नाही. उलटा नेला की हवेच्या दाबाने रंग टेपच्या कडेत घुसतो. तीन पातळ हात, प्रत्येकात दहा मिनिटांचं अंतर, शेवटचा जरा ओलसर. टेपच्या कडेशी रंगाचा ढीग होऊ देऊ नका, टेप काढल्यावर तिथे पायरी राहते आणि डिकॅल तिच्यावर फुगतं.

टेप कधी काढायची? लाल बोटाला चिकटत नाही, पण नखाने दाबलं तर खूण पडते, तेव्हा. म्हणजे साधारण २० ते ३० मिनिटांनी. टेप स्वतःवरच दुमडून, मागे खेचत, अगदी सावकाश. दुसऱ्या दिवशी काढली तर रंग काचेसारखा तुटतो आणि कड दातेरी होते. कुठे लाल झिरपलंच, तर पूर्ण सुकल्यावर २००० नंबरच्या वॉटर पेपरची टोकदार घडी करून तेवढंच घासा. पुन्हा पांढरा फासायच्या फंदात पडू नका.

चिन्हं

लाल-पांढरं दोन दिवस सुकलं की एक्स-२२ क्लिअरचे दोन पातळ हात. डिकॅल चकचकीत पृष्ठभागावरच नीट बसतं. खडबडीत जागेवर त्याखाली हवा राहते आणि चंदेरी चकाकी दिसते.

हवाई दलाचं गोल चिन्ह बाहेरून आत केशरी, पांढरं, हिरवं असं आहे. शेपटीवर तिरंगी पट्टा असेल तर कोणता रंग पुढच्या बाजूला आहे, ते दोन्ही बाजूंच्या फोटोंत बघूनच डिकॅल उचला. डावं-उजवं बदललेलं चिन्ह ही प्रदर्शनातल्या मॉडेलवर सर्वात जास्त सापडणारी चूक आहे.

किटमध्ये सूर्यकिरणची डिकॅल नसली तर घरी करावी लागतात. लेझर प्रिंटरचा डिकॅल पेपर घ्या, त्याची शाई पाण्यात विरघळत नाही. इंकजेटचा पेपर घेतला तर छापल्यावर क्लिअरचे तीन पातळ हात मारल्याशिवाय पाण्यात बुडवू नका. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पारदर्शक पेपरवर छापलेलं केशरी लाल विमानावर दिसतच नाही. अशा वेळी पांढरा डिकॅल पेपर वापरून कडेला तंतोतंत कापा, किंवा खाली चिन्हापेक्षा किंचित लहान पांढरं वर्तुळ आधी रंगवून ठेवा.

देवनागरी अक्षरांना जास्त जपावं लागतं. खऱ्या विमानावरचं २५ सेंटिमीटरचं अक्षर १/७२ मध्ये साडेतीन मिलिमीटर होतं आणि त्याची शिरोरेषा केसाएवढी. डीटीपीवाल्याकडे फाइल देताना पीडीएफ करून द्या, नाहीतर त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या आणि उकार सुटे पडतात. आणि विमानावर हिंदी लेखनाप्रमाणे ‘वायु’ असतं, मराठी सवयीने ‘वायू’ टाइप होऊ देऊ नका.

मोठे आकडे आणि साधे आकार असतील तर डिकॅलपेक्षा रंगाने केलेले चांगले दिसतात. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं कापणारा रेडियमवाला प्लॉटरवर त्याचं मास्क कापून देतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर त्याला सांगू नका, सुरीच्या वळणावर ते फाटतं. त्या व्हिनाइलचा गोंद फार कडक असतो, म्हणून मॉडेलवर लावण्याआधी तीन-चारदा जीनच्या कापडावर चिकटवून काढा.

डिकॅल भिजवायला बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार सुकल्यावर लाल रंगावर पांढरी किनार सोडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात सहज मिळतं, तेच वापरा, बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही हे बघून. जागेवर आधी मायक्रो सेटचा थेंब, त्यावर डिकॅल, चिमट्याने नव्हे तर ओल्या कुंचल्याने सरकवा. पाणी टिपलं की मायक्रो सोल. आता डिकॅल सुरकुततं, घाबरायचं नाही आणि हातही लावायचा नाही, तासाभरात ते स्वतःच सपाट होतं. राहिलेल्या बुडबुड्याला सुईचं टोक टोचून पुन्हा एक थेंब सोल.

दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने गोंदाचे डाग पुसा आणि शेवटचा क्लिअर मारा. पॅनेलच्या रेषांत काळी शाई भरू नका. पांढऱ्यावर फिकट करडी, लालवर गडद तपकिरी, तीही थोडीच. ही विमानं रोज पुसली जातात. धूर सोडण्यासाठी इंजिनाच्या गरम झोतात डिझेल सोडलं जातं, त्यामुळे काजळी दाखवायचीच तर शेपटीखालच्या नळकांड्याच्या आसपास.

ऊन, दमट हवा आणि रंग

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेला की रंग ब्रशमधून निघून मॉडेलवर पोचेपर्यंतच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा लागतो. पहाटे सहा ते आठमध्ये काम करा, थिनर थोडं वाढवा, त्यात पाच-दहा टक्के रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) घाला, दाब कमी करून ब्रश जवळ आणा. पावसाळ्यात उलट त्रास: क्लिअरवर दुधी झाक येते, कारण थिनर उडताना हवेतला ओलावा रंगात बसतो. भुरभुर चालू असेल त्या दिवशी क्लिअर मारूच नका. झाक आलीच तर कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा द्या, बहुतेक वेळा ती निघते. दिवाळी ते होळी हा सगळ्यात चांगला काळ.

फवारणी करताना गॅस शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती बंद असली पाहिजे. सुती रुमाल बांधून भागत नाही, रासायनिक वाफ अडवणारा काडतुसाचा मास्क लागतो.

नऊच्या नऊ करायची असतील तर

पथक नऊ विमानांचं आहे, त्यामुळे कधी ना कधी पूर्ण चौकट करायची इच्छा होणारच. लाल रंगाच्या सगळ्या बाटल्या एकाच वेळी घ्या आणि सुरू करण्याआधी एका मोठ्या काचेच्या बरणीत एकत्र ओता, नारिंगी घालायचा तोही तिथेच. वेगवेगळ्या बाटल्यांतली छटा एकेकट्या विमानावर कळत नाही, नऊ शेजारी ठेवली की कळते. प्राइमर, पांढरा, टेप, लाल ही प्रत्येक पायरी नऊही विमानांवर उरकूनच पुढच्या पायरीला जा. टेपसाठी पहिल्या विमानावर जुळलेल्या पट्ट्या काढून त्यांची रूपरेषा प्लास्टिकच्या पातळ शीटवर कापून ठेवा, डावी आणि उजवी वेगळी. त्या साच्याने उरलेल्या आठही विमानांवर रेषा एकाच जागी येते. सीरियल नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. एकाच नंबरची नऊ डिकॅल छापून ठेवू नका.